शेठला उत्तर सापडलं नाय, नाना

नाना, नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय आणि त्यात तू गॉगल घातलायस.

खरंच सांगते. पांढरा सफारी, गळ्यात जाड खोटी चेन, काळा गॉगल, आणि वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली. पोरांना तुझा दुसरा फोटोच सापडला नाय. सुमनकाकीकडे तुमच्या लग्नातला एक आहे, पण त्यात तू इतका काटकुळा की तुझी सख्खी आई ओळखणार नाय. आधार कार्डावरच्या फोटोचं तर नावच नको. मग कोणीतरी म्हणालं, नाटकातला घ्या, त्यात नाना रुबाबदार दिसतो. परवा नेरळवरून रिक्षाने येत होते तर शेजारची बाई फ्लेक्स बघून विचारते, "कोणी बिल्डर गेला काय गं इथला?" मी म्हटलं, "हो." काय सांगणार? मला हसायला आलं, आणि मग घर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाय. मी! तूच बघ.

काल तुझं तेरावं झालं. सगळे म्हणतायत, मयुरी, तू लिहितेस ना, नानावर काहीतरी लिही, ग्रुपवर टाकू. मी मोबाईल घेऊन बसले आणि तुझ्यावर लिहिताच येईना. तुझ्याशी बोलता येतंय फक्त. तर बोलते. तू नेहमीसारखा मधे मधे तोडू नको.

ज्यांनी आपलं नाटक बघितलं नाय त्यांना कळायला पायजे म्हणून आधी ते सांगून टाकते. आपलं नाटक दोनदा व्हायचं. पहिल्यांदा सरळ. गावात शेठ येतो, विहिरीच्या मागची जमीन घेतो, फार्महाऊस बांधतो, पोहायचा तलाव करतो, खोल बोअर मारतो, गावची विहीर आटते. संपलं. मग मी पुढे येऊन विचारायचे, "आवडला का शेवट?" लोकं ओरडायची, "नाय!" मग म्हणायचे, "आता परत करतो. ज्याला वाटेल त्याने 'थांब' म्हणायचं, उठायचं, गाववाल्याच्या जागी उभं राह्यचं आणि शेठला अडवायचं." शेठ म्हणजे तू. लोकं त्यांच्या मनाला येईल ते बोलणार आणि तू त्यांना शेठसारखं उत्तर देणार. पाठ केलेलं काही नाय.

आणि तू कोणालाच जिंकू द्यायचा नायस.

बाप रे, काय बोलायचास! कोणी हात जोडले की तू खांद्यावर हात टाकून "आपण घरचीच माणसं" सुरू. कोणी ओरडलं की त्याला खुर्ची द्यायचास, पाणी द्यायचास, ते पण विहिरीचंच. कोणी म्हणालं गावाला काय फायदा, की लगेच "टाकी बांधून देतो, तुझ्या पोराला वॉचमन लावतो." आणि कोणी फारच ताणलं तर तुझं शेवटचं ठरलेलं. गॉगल काढायचास, पुसायचास, आणि एकदम हळू आवाजात, "जमीन माझी, कुंपण माझं, बोअर कुंपणाच्या आत. तुमची विहीर तिकडं. दोघांचा संबंध दाखवा. खालचं पाणी कोणी बघितलंय?" इथे सगळी गावं गप्प व्हायची. मला दर वेळी तुझा राग यायचा. नाटक आपलं, लिहिलं आपणच, तरी यायचा.

पोशीरचा प्रयोग आठवतो? नाटक संपलं, आपण ड्रम उचलतोय, आणि एक गृहस्थ तुला बाजूला घेऊन विचारतायत, "शेठ, आमची पण थोडी जमीन हाय रस्त्याला लागून. बघता का?" तू अजून सफारीतच. तू मला डोळा मारलास आणि त्यांना म्हणालास, "आवो, मी भातवाला. मलाच कोणी बघत नाय." ते काका हसलेच नायत. नाराज होऊन गेले. टेंपोत बसल्या बसल्या तू गळ्यातली चेन काढून ठेवलीस. मी म्हटलं, "नाना, किती भारी! त्यांना तू खरा वाटलास!" तर तू म्हणालास, "तेच तर वाईट झालं, मयुरे."

आणि शिळफाट्याला बोअरच्या पाईपासाठी गेलेलो. नाटकातल्या बोअर मारायच्या गाडीला उंच पाईप हवा होता. भंगारवाल्याशी तू शेठच्या आवाजात घासाघीस करत होतास आणि तो घाबरून म्हणाला, "दादा, घेऊन जावा, फक्त दुकानाच्या जागेचं काय विचारू नका." तू पाईप खांद्यावर घेऊन रस्त्याने नाचत आलास. पन्नाशीचा माणूस! मी लाजेने दहा पावलं मागे.

शेलूला त्या नव्या बिल्डिंगींच्या आवारात केलं तेव्हा तर कोणी उठलंच नाय. खुर्च्यांवर बसून बघितलं, छान आहे म्हणाले. एक काका बोलले, "पण आमच्याकडे विहीरच नाय, आमच्याकडे टँकर येतो." तू गॉगल वर केलास. "टँकर कुठून भरून येतो ते इचारलंय कधी?" ते म्हणाले, "नाही बुवा." तू म्हणालास, "मग मीच सांगतो. माझ्याकडून येतो." आणि परत गॉगल खाली. मला अजून काटा येतो. आत्ता टाईप करताना पण आला.

पण भांडण ते भांडणच. मी तुला किती वेळा म्हटलं, नाना, एकदा तरी हर. लोकं इतकं धाडस करून उठतात, बायका पदर खोचून येतात, आणि तू त्यांना परत पाठवतोस तोंड पाडून. एकदा जिंकू दे ना, घरी जाताना बरं वाटेल. तू विडी शोधत म्हणायचास, "बरं वाटायला पायजे तर भजन ठेव. मी हारलो की टाळ्या वाजवून झोपतील. मी जिंकलो की रातभर मनात शेठला शिव्या घालतील, आन शिव्या घालता घालता कोणाला तरी उत्तर सुचंल." मी म्हणायचे, सुचणार नाय, खचतील. तू म्हणायचास, मग खचू दे. हे आपलं कधी संपलं नाय. अजून संपलेलं नाय, कळलं ना? तू गेलास म्हणून मी हरले असं काय नाय.

मग आपल्या गावातला प्रयोग. सव्वीस जानेवारीच्या आदल्या आठवड्यात, मारुतीच्या देवळासमोर, चार वाजता. खरी गोष्ट तेव्हा आपल्या विहिरीच्या मागेच सुरू झालेली. जमीन विकली गेलेली, कुंपणाचे खांब रोवलेले, आणि बोअरसाठी ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखला मागितलेला. सगळं गाव आलं. सरपंच पहिल्या रांगेत, ग्रामसेवक भाऊसाहेब त्यांच्या शेजारी.

तू सगळ्यांना लोळवलंस. आणि मग मागून आवाज आला, "थांब!"

सुमनकाकी. तुझी बायको. शेलूला तीन घरी पोळ्या करून नुकतीच आलेली, पिशवी पण हातातच. लोकांनी असला आरडाओरडा केला! "शेठ, आज उपाशी झोपायचंय काय?" "वहिनी, सोडू नका!"

काकी आली आणि तुला विचारलं, "शेठ, लगीन झालंय का तुमचं?"

तू शेठच्या ऐटीत, "झालंय की."

"घरात पाणी कोण आणतं?"

"नळाला येतं."

"आन नळाला नाय आलं तर?"

तू गॉगल सारखा केलास. "बायको बघते."

"आसं व्हय." तिने बाजूची कळशी उचलली. नाटकातली कळशी आपण रिकामी ठेवायचो, पण त्या दिवशी बायकांनी हापशीवरून भरून आणलेली. "मग ही डोक्यावर घ्या आन त्या पिंपळापर्यंत जाऊन या. मग बोअर मारा. मी अडवणार नाय."

सगळं गाव हसतंय. "नानाने लग्नापासून कळशी उचलली नाय!" तू उचललीस. डोक्यावर ठेवलीस. चार पावलं गेलास आणि ती कलंडली, सगळं पाणी सफारीवर, गॉगलवरून ओघळतंय. शेठ असता तर हसला असता, दुसरा सफारी आण म्हणाला असता. तू काकीकडे बघत उभा राहिलास. गॉगल काढलास. पुसला नायस.

मला कळलं शेठ गेला, हा नाना उभा आहे. पण मी इतकी खूश झालेले! मी ओरडलेच, "शेठ हरला!" मग नाटकात पुढे ग्रामसभा होते, आणि कोणीतरी बोललं, "आरं भाऊसाहेब बसलेत की समोर, त्यांनाच उठवा!" भाऊसाहेब पण हसत हसत उठले, त्यांच्या रोजच्या आवाजात म्हणाले, "बोअरला ग्रामसभेचा विरोध आहे, मंजूर असेल त्यांनी हात वर करा." देवळासमोर नुसते हात. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, काहींचे तर दोन-दोन. "ठराव मंजूर." टाळ्या, शिट्ट्या, फटाका पण फोडला कोणीतरी.

आणि तिथेच आपण बुडलो ना, नाना.

दोन दिवसांनी गिरणीत शेजारची मावशी भेटली. मी म्हटलं, "मावशे, सव्वीसला ग्रामसभेला ये हां." ती म्हणते, "आता कशाला गं? ठराव झाला ना. मी हात वर केला व्हता."

"अगं, ते नाटक होतं!"

"नाटक कसलं? भाऊसाहेब बोलले मंजूर. सरपंच व्हते समोर. नाटक असतं तर नानाने कळशी उचलली असती व्हय?"

मी धावत तुझ्याकडे आले. तू भाताच्या पेंढ्यावर बसलेलास. मला वाटलं तू हसशील. तू उठून चपला घातल्यास. आणि आपण घर घर फिरलो, आठवतंय? प्रत्येक ओटीवर तेच. "झालाय ना ठराव." "किती वेळा हात वर करायचा रं नाना?" "शेठच्या वेषात येऊन सांग, मग इस्वास ठेवतो!" आणि हसायचे. त्यांना खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. इतक्या महिन्यांची धास्ती, ती त्या दिवशी उतरली होती. कोणाला परत चढवून घ्यायची नव्हती.

सव्वीसला झेंडा झाला, पोरांची भाषणं झाली, लाडू वाटले, लोकं गेली. कोरम नाय म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाय, हे काय तुला सांगायला नको. ती पुढच्या आठवड्यात, वार कामाचा, वेळ सकाळी अकराची. काकी शेलूला कामावर, आळीतली माणसं कंपनीत, वीटभट्टीवर. मी कॉलेज बुडवून आले. खुर्च्या मांडलेल्या आणि रिकाम्या. विषय संपले, मग अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय, आणि त्यात आपला बोअर.

ज्यांनी जमीन घेतली त्यांचा मॅनेजर आलेला. साधा माणूस रे, चेकचा शर्ट, गॉगल नाय की चेन नाय. तू उठलास. म्हणालास, आमची विहीर आटंल. तो म्हणाला, आपण घरचीच माणसं. म्हणाला, टाकी बांधून देतो. पोरांना काम देतो. तू ताणलंस. मग तो हळू आवाजात बोलला, जमीन आमची आहे, बोअर आमच्या कुंपणात, तुमच्या विहिरीशी संबंध दाखवा. खालचं पाणी कोणी पाहिलंय का?

तुझेच शब्द, नाना. तुझाच आवाज.

आणि तू उभाच. मी शेजारून तुझ्या शर्टाला हात लावला. मला वाटलं आता बोलशील, आता बोलशील. सगळ्या गावांमधून तू त्या वाक्याने लोकांना गप्प केलं होतंस आणि त्याचं उत्तर तुला कोणी दिलंच नव्हतं. काकीने पण नाय. काकीने तुला हरवलं, शेठला नाय. हा समोरचा काय काकीचा नवरा होता?

तू खाली बसलास. दाखला देऊन टाकला.

बोअर मारत होते तेव्हा त्या गाडीचा आवाज दोन दिवस येत होता, घरातली भांडी थरथरायची. शिमग्याला विहिरीचा तळ दिसला. इतक्या लवकर कधी दिसला नव्हता. मॅनेजर म्हणाला, उन्हाळा आहे, सगळीकडेच कमी आहे. कबूल केलेल्या टाकीचं काय, तर फाऊंडेशनला खड्डा मारून ठेवलाय, त्यात कुत्री बसतात.

ह्या सगळ्यात एक गोष्ट झाली ती मला सांगायचीच आहे. त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसापासून तू पाणी आणायला लागलास. खरंच. सकाळी काकीच्या आधी उठून, डोक्यावर नाय जमलं म्हणून सायकलला दोन कॅन बांधून. पुरुष हसायचे, "शेठ, डिलिव्हरी कितीला?" तू म्हणायचास, "तुझ्या बायकोला इचार, तिला परवडंल." विहीर आटली तशी तुझी फेरी लांबत गेली, आधी हापशी, मग पुढच्या पाड्यापर्यंत. काकीने मला सांगितलं, तेरा दिवसांत तुझ्याबद्दल हे एकच सांगितलं तिने, की तू कॅन खाली ठेवून दर वेळी म्हणायचास, "सुमन, आज लय जड व्हतं." जसं काय तिला माहीतच नाय!

आपली शेवटची भेट भांडणातच गेली. मी सांगायला आले होते की खालापूरकडच्या एका गावाने प्रयोगाला बोलावलंय. तू म्हणालास, "नाटक बंद कर. आपण लोकांचा राग काढून घेतो. दवाखान्यातली नर्स सुईने रगत काढून घेते तसा. मग त्यांच्याकडं सभेला आणायला काय उरत नाय." मी म्हटलं, नाटकामुळे नाय झालं, लोकं आळशी आहेत म्हणून झालं. तू म्हणालास, "लोकं आळशी नायत. लोकं आपल्यावर इस्वास ठेवून घरी बसली." मी म्हटलं, तू घाबरलास. तू म्हणालास, "व्हय." एवढंच. व्हय. मी पाय आपटत निघून आले.

मी अजून म्हणते तू चुकत होतास. नाटक बंद करून काय होणार? पण तुझ्या त्या रक्ताच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाय आणि हे मी तुला तेव्हा म्हणायला पायजे होतं, की नाना, उत्तर नाय माझ्याकडे, पण बस, बोलू.

मग चैत्रात विहिरीचा गाळ काढायला तुम्ही उतरलात. दर वर्षी काढतात, पण ह्या वर्षी तू म्हणालास अजून खाली जाऊ, झरा मिळतो का बघू. दुपारी वर आलास, काठावर बसलास, म्हणालास छातीत कसंतरी होतंय. रिक्षा कर्जतला पोचायच्या आत तू गेलास. मी कर्जतच्या हॉस्पिटलच्या दारातच उभी होते. तुझ्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता, सुकलेला.

आणि घरी आणल्यावर अंघोळीला पाणी नाय. विहिरीत गाळ, नळाला हवा. सगळे एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी टँकर येऊन उभा राहिला. त्यांचा टँकर. मॅनेजरने पाठवला होता, माणुसकी म्हणून, ड्रायव्हर म्हणाला. बिचारा मान खाली घालूनच म्हणाला. भावकीतले म्हणाले, घ्या आता, मयताला हट्ट कसला. काकी तुझ्या उशाशी बसलेली, ती उठून दारात आली.

"गाडी मागं घे, बाळा."

"काकी, पाणी चांगलं हाय..."

"चांगलं हाय म्हणूनच. आमच्या विहिरीचं हाय ते. मागं घे."

ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. बायका आपापल्या घरी गेल्या. आणि यायला लागल्या, कोणाकडे अर्धा हंडा, कोणाकडे तांब्या, त्या गिरणीतल्या मावशीने तर फिल्टरची टाकी उलटी करून पाणी आणलेलं. जेवढं ज्याच्या घरात होतं तेवढं. तुला त्या पाण्याने अंघोळ घातली. त्या संध्याकाळी अर्ध्या आळीत चुली पेटल्या नायत. सुतक म्हणून नाय रे, भात शिजवायला पाणीच नव्हतं. मला तेव्हा तुझा राग आला, तुझं प्रेम आलं, सगळं एकदम आलं. हे बघायला तू पायजे होतास आणि तू असतास तर हे झालंच नसतं.

आता पुढचं ऐक. बायकांनी सह्या करून खास ग्रामसभा मागितली आहे, दाखला रद्द करायला. ती येत्या सोमवारी शाळेत आहे. मॅनेजर येणार. बोअर चालूच आहे, आवाज मला इथे टाईप करताना पण येतोय.

तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून काकी दुपारी पडवीत बायकांना बसवते. नाटक नाय, टाळ्या नाय, हात वर करणं तर बिलकुल नाय. कोणी हसत हात वर केला की काकी म्हणते, "हात सोमवारी. शाळेत." एकजण शेठ होतो आणि बाकीच्यांनी त्याला उत्तर द्यायचं. शेठ मी आहे. काकीनेच सांगितलं, "तू त्याच्याबरोबर सगळीकडं फिरलीस, तुला त्याचं सगळं येतं." येतं, नाना. मला भीती वाटते इतकं येतं. मी तोंड उघडते आणि तू बोलतोस.

आज मावशीने चांगलं काढलं. मी म्हटलं, संबंध दाखवा, खालचं पाणी कोणी बघितलंय? ती म्हणाली, "दाखवते. तुझा बोअर आठ दिवस बंद ठेव. मग माझी विहीर बघायला ये." सगळ्या जणी खूश. मला पण आतून इतकं भारी वाटलं! आणि तरी माझ्या तोंडून लगेच निघालं, "ठेवतो की बंद. माझी झाडं जळाली तर भरपाई कोण देणार? तू सही करतेस?"

मावशी मागे सरकून बसली. बाकीच्या पण. मला एवढी लाज वाटली, पण मी शेठ होते, मी तशीच बसून राहिले.

काकीने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "परत म्हण."